अँटी रॅगिंग हेल्पलाइन (१८००-१८०-५५२२) : भाच्यासाठी फोन केला, सगळा अनुभव लिहितोय

रेटिंग : हेल्पलाइनला ५ पैकी ४. कॉलेजच्या हॉस्टेलच्या कारभाराला एक पण देणार नाही, का ते पुढं येईलच.

मी अहमदपूरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो, नऊ वर्षं झाली. ॲडमिशनचा सीझन आला की सकाळी शटर वर केल्यापासून रात्री दहापर्यंत पोरांची रांग असते. कॅप राऊंड, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेयर, स्कॉलरशिप, आणि त्याच गठ्ठ्यात एक अँटी रॅगिंगचा फॉर्म. आधी लोक ते स्टॅम्पवर टाइप करून नोटरी करून न्यायचे, आता वेबसाइटवर भरायचं, ईमेलवर रजिस्ट्रेशन नंबर येतो तो कॉलेजला द्यायचा, दर वर्षी नवीन भरायचं. मी आजपर्यंत असे शेकडो फॉर्म भरले असतील. पोराला स्वतःचा ईमेल नसला की दुकानाचा टाकायचा, बापाचा नंबर पाठ नसला की माझाच टाकायचा, खाली जे टिक करायचं असतं ते करायचं आणि सबमिट. त्यात काय लिहिलंय हे ना मी कधी वाचलं ना समोरच्या पोरानं. माझ्या सख्ख्या भाच्याचा फॉर्म पण मी ऑगस्टमध्ये असाच भरला, दोन मिनिटांत. त्याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून हे लिहायला बसलो.

भाचा लोहा तालुक्यातल्या एका खेड्यातला, इंजिनिअरिंगला नंबर लागला आमच्या मराठवाड्यातल्याच एका मोठ्या शहरात. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण पोराला अजून तीन वर्षं तिथंच काढायचीत. दाजी सोयाबीनचा शेतकरी माणूस, हॉस्टेलची फी भरली तेव्हा घरात सण झाल्यासारखं झालं होतं.

सप्टेंबरमध्ये महालक्ष्म्यांना पोरगं घरी आलं. मी पण जेवायला गेलो होतो ताईकडं. पुरणाची पोळी, आंबील, सगळं पानात, आणि हे लेकरू मान खाली घालून बसलेलं, कुणी हाक मारली की ताडकन उभं राहायचं. मोबाइल वाजला की हात थरथरायचे. ताई म्हणाली अभ्यासाचा ताण असंल. मी त्याला विचारलं की बाळा तू माझ्याकडं बघून का बोलत नाहीस, तर तो म्हणाला सवय झालीय मामा. कसली सवय, म्हणलं. तर म्हणे सीनियरसमोर शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडं बघूनच बोलायचं असतं, नजर वर केली की रात्रभर उभं करतात.

मग रात्री गच्चीवर नेऊन बसवलं आणि हळूहळू सगळं निघालं. रोज रात्री अकरानंतर इंट्रो. गावाचं नाव, बापाचा धंदा, जात, सगळं मोठ्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी हसायचं. बापाचा धंदा शेती म्हणला की त्याला औत धरायची ॲक्टिंग करायला लावायचे. केटी म्हणजे विषय राहिलेल्या सीनियरच्या ड्रॉइंग शीट आणि जर्नल हा लिहून देणार, पहाटे तीन तीनपर्यंत. एक व्हॉट्सॲप ग्रुप केलेला, त्यात रात्री दोनला मेसेज आला की पाच मिनिटांत 'हजर सर' लिहायचं, नाही लिहिलं तर सगळ्या खोलीला शिक्षा. घरून नेलेला लाडवांचा डबा पहिल्याच दिवशी गेला. दाजींनी पाठवलेल्या पैशातनं त्यांचे रिचार्ज. आणि एकदा गालात मारली होती, ते सांगताना मात्र रडला. दीड महिना हे चालू होतं आणि हा घरी फोनवर रोज म्हणायचा की मजेत आहे, जेवण चांगलंय.

खाली आल्यावर दाजींना सांगितलं तर ते म्हणाले एवढं तेवढं चालायचंच, पोरगं मजबूत होईल, वर्षभर सोसलं की संपतंय. त्यांच्यावर राग नाही माझा, बहुतेक घरात हेच म्हणतात, आणि त्यामागं भीती असते की तक्रार केली तर पोराचं वर्ष वाया जाईल. पण ज्या लेकराला आईच्या घरात पाणी प्यायला पण कुणाला तरी विचारावं वाटायला लागलंय ते मजबूत होत नसतं.

त्या रात्री झोप लागेना म्हणून मोबाइलवर दुकानाचा ईमेल उघडला आणि त्याच्या फॉर्मचा मेल शोधून काढला. मग तो पहिल्यांदा अख्खा वाचला. त्यात पोरगं लिहून देतं की यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २००९ चा रॅगिंगविरोधी नियम मी वाचला आहे, त्यातलं कलम ३ म्हणजे रॅगिंग कशाला म्हणतात ते मला माहीत आहे, कलम ७ आणि ९.१ म्हणजे शिक्षा काय ते पण माहीत आहे. आईबाप पण तसंच लिहून देतात. आणि माहीत कुणालाच नाही! मग नियम डाउनलोड केला. कलम ३ मध्ये सरळ लिहिलंय की दुसऱ्याचं अभ्यासाचं काम नव्या विद्यार्थ्याकडून करून घेणं म्हणजे रॅगिंग. म्हणजे ते जर्नल आणि त्या शीट. पैसे काढणं, जबरदस्तीनं खर्च करायला लावणं, ते पण. शब्दानं अपमान, मारहाण, आत्मविश्वास खच्ची होईल असं वागणं, सगळं त्यात आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर जात, धर्म, रंग, भाषा, गाव, गरिबी यावरून केलेला छळ पण त्यात स्पष्ट घातलाय. आणि २०२५ मध्ये यूजीसीनं कॉलेजांना हे पण कळवलं की असले व्हॉट्सॲप ग्रुप करून ज्युनियरला छळलं तर ते रॅगिंगच धरायचं. माझ्या भाच्याच्या दीड महिन्यातली एकेक गोष्ट तिथं आधीच छापलेली होती आणि मी त्याखाली त्याच्या वतीनं टिक केलं होतं.

रात्री पावणेबाराला फोन लावला. टोल फ्री आहे, चोवीस तास चालू. पहिल्यांदा बराच वेळ नुसतं म्युझिक वाजलं आणि कट झाला, दुसऱ्यांदा उचलला. समोर हिंदीत बोलणारा एक माणूस होता. माझी हिंदी आपली मराठवाड्याची, पण त्याला कळत होतं, घाई केली नाही. त्यानं पहिला प्रश्न विचारला तो असा, "बच्चा अभी कहाँ है, सेफ है क्या?" मी म्हणलं घरी आहे, माझ्याजवळ बसलाय. तो म्हणाला ठीक है, अब आराम से बताइए. हे वाक्य ऐकून मला जरा धीर आला, कारण तोवर जेवढ्या जणांना सांगितलं होतं त्या सगळ्यांनी आधी विचारलं होतं की पोरानं काय केलं होतं.

मग त्यानं विचारलेलं सगळं इथं लिहितो, कारण आधीच तयार ठेवलं तर तुमचा वेळ वाचंल. कॉलेजचं पूर्ण नाव आणि पत्ता (शॉर्टफॉर्म चालत नाही), कुठल्या विद्यापीठाशी जोडलेलं, कोर्स आणि वर्ष, हॉस्टेलचं नाव आणि रूम नंबर, कधीपासून चालू आहे, शेवटचं कधी झालं, करणाऱ्यांची नावं आणि वर्ष, मारहाण झाली का, जखम आहे का, कुणी पाहिलं का, आधी कॉलेजला सांगितलं का. भाच्याला नावं पूर्ण माहीत नव्हती, ज्युनियरनी सीनियरचं नाव घ्यायचंच नसतं म्हणे, फक्त सर. मग ग्रुपमधले मोबाइल नंबर दिले. म्हणून सांगतो, तो ग्रुप डिलीट करू नका, त्यातनं बाहेर पडू नका, आधी स्क्रीनशॉट काढा तारखेसकट. आमच्या पोरानं भीतीनं अर्धे मेसेज उडवले होते, बरं झालं त्याच्या रूम पार्टनरकडं होते.

नाव गुप्त ठेवा म्हणलं तर ठेवतो म्हणाले. पण खरं सांगू का, हॉस्टेलच्या एका मजल्यावर रूम नंबर आणि तारीख सांगितल्यावर कुणाला कळायचं राहात नाही. म्हणून आम्ही विचार करून नाव दिलं. ज्याची तयारी नसंल त्यानं निदान बिननावी तरी सांगावं, काहीच न सांगण्यापेक्षा ते बरं. फोन संपताना तक्रारीचा नंबर दिला, मी तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिला, आणि लगेच सगळं परत ईमेलनं पण पाठवलं. ईमेलचा पत्ता त्यांच्या अँटीरॅगिंग डॉट इन या वेबसाइटवर आहे. फोनवर बोललेलं हवेत जातं, मेलला तारीख आणि वेळ असते.

पुढं काय होतं? नियमात असं आहे की हेल्पलाइनला आलेली तक्रार एकाच वेळी कॉलेजच्या प्रमुखाला, वॉर्डनला, विद्यापीठाच्या नोडल ऑफिसरला आणि जिल्ह्याच्या प्रशासनाला कळवायची, गरज पडली तर कलेक्टर आणि एसपीला पण. आमची तक्रार कळवलेली होती हे नक्की, कारण दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आतच वॉर्डनचा दाजींना फोन. आवाज एकदम गोड. अहो तुमच्या पोरानं डायरेक्ट दिल्लीला तक्रार केली, आम्हाला सांगितलं असतं तर आपण घरातच मिटवलं असतं ना, कॉलेजचं नाव खराब होतंय, पोराच्या पण करिअरचा प्रश्न आहे. दाजी घाबरले. मला म्हणाले मागं घेऊन टाकू.

बुधवारी आम्ही तिघं गेलो, मी, दाजी आणि भाचा. आणि हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त तक्रारी इथंच मरत असतील असं मला वाटतं. केबिनमध्ये गेलो तर ते चार सीनियर आधीच खुर्च्यांवर बसलेले. ज्यांच्याबद्दल तक्रार त्यांच्यासमोरच पोराला उभं केलं. भाच्याची नजर लगेच खाली, बटणावर. वॉर्डन म्हणाले हात मिळवा, मोठे भाऊ आहेत तुझे. आणि दाजींपुढं एक कागद सरकवला, सही करा, गैरसमजातून तक्रार दिली, आता माझी काही तक्रार नाही. दाजींनी पेन उघडला पण होता.

मी रोज शंभर असले कागद छापतो. मला बघितल्याबरोबर कळलं. बाकी सगळा मजकूर टाइप केलेला आणि विद्यार्थ्याच्या नावाची जागा रिकामी, वर्गाची जागा रिकामी, तारखेची जागा रिकामी. हा कागद आमच्यासाठी बनवलेला नव्हता, हा फॉरमॅट त्यांच्याकडं तयारच होता. आमच्या आधी कुणी कुणी त्यावर सही केली असंल देव जाणे. मी म्हणलं दाजी थांबा, पेन बंद करा, आणि कागदाचा फोटो काढला. वॉर्डन म्हणाले फोटो कामून काढता. मी काही बोललो नाही, पोराचा हात धरला आणि बाहेर आलो.

गेटसमोरच्या चहाच्या टपरीवरनं परत हेल्पलाइनला फोन लावला, तक्रारीचा नंबर सांगितला. यावेळी बाई होत्या. सांगितलं की मागं घ्यायला दबाव आणतायत, समोरासमोर बसवलं. त्या म्हणाल्या सही करू नका, जे झालं ते लिहून कागदाचा फोटो मेल करा, तुम्ही समाधानी आहात असं सांगेपर्यंत तक्रार बंद करणार नाही. तिथंच बाकड्यावर बसून मोबाइलवर मेल लिहिला. संध्याकाळी प्रिन्सिपल सरांचा स्वतःचा फोन आला आणि त्यांचा सूर वेगळा होता, ते म्हणाले मला हे आत्ता कळतंय, उद्या कमिटी बसवतो. खरं होतं का माहीत नाही, पण बसवली.

दुसऱ्या दिवशी जाताना मी दोन कागद छापून नेले होते. एक यूजीसीचा नियम आणि एक आपला महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंध कायदा, १९९९ चा. हा कायदा आपल्याकडं यूजीसीच्या नियमाच्या दहा वर्षं आधीपासून आहे आणि माझ्या दुकानात येणाऱ्या एकाही पालकाला तो माहीत नाही, मलाही नव्हता. त्यात काय आहे ते सांगतो. रॅगिंग करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. कोर्टात दोषी ठरला तर कॉलेजातनं काढायचं आणि पाच वर्षं दुसरीकडं कुठंही ॲडमिशन नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत प्रमुखानं चौकशी करायची, प्रथमदर्शनी खरं दिसलं तर त्या विद्यार्थ्याला निलंबित करायचं आणि तक्रार लगेच पोलीस ठाण्यात पाठवायची. आणि प्रमुखानं हे केलंच नाही, चालढकल केली, तर त्यानं गुन्ह्याला मदत केली असं धरायचं. शेवटचं वाक्य मी हायलाइटरनं पिवळं करून नेलं होतं. यूजीसीच्या नियमात तर गुन्हा घडल्याचं दिसलं तर चोवीस तासांत एफआयआर करायचा असं आहे. कमिटीपुढं मी आवाज चढवला नाही, कागद टेबलावर ठेवले आणि पोराला म्हणलं तू बोल, माझ्याकडं बघून बोल.

यावेळी समोर सीनियर नव्हते. पोलीस ठाण्याचे एक अधिकारी होते, दोन प्राध्यापक, एक मॅडम. मॅडमनी फार चांगलं विचारलं, पाणी दिलं, मधे थांबू दिलं. पोरगं चाळीस मिनिटं बोललं. त्याच्यानंतर त्याच मजल्यावरची अजून पाच पोरं आपणहून बोलायला आली, ती दाराबाहेर थांबली होती. त्यातल्या एकाच्या पायाला सूज होती, दोन रात्री उभं केल्यामुळं.

निकाल असा लागला की दोघं एका सेमिस्टरसाठी निलंबित, चौघांचं पण हॉस्टेल गेलं, वॉर्डन बदलले. पोलिसांत जबाब झालेत, त्याचं पुढं चालू आहे म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. दोन आठवड्यांनी हेल्पलाइनचा फोन आला की कारवाईचा रिपोर्ट कॉलेजकडनं आलाय, तुम्ही समाधानी आहात का. मी म्हणलं मला काय विचारता, आणि फोन भाच्याच्या हातात दिला. तो म्हणाला, हो, पण हॉस्टेलमध्ये रात्री कुणीतरी सर राहायला पाहिजेत. तेवढं पण त्यांनी लिहून घेतलं.

आता एक स्टार का कापला ते. पहिलं म्हणजे भाषा. आम्हाला मराठी बोलणारं कुणी मिळालं नाही. माझं निभावलं, पण आमची ताई असती तर तिनं अर्ध्यात फोन ठेवला असता. वेबसाइट तर बघायलाच नको, खेड्यातल्या आईबापाला त्यातलं काय कळणार. दुसरं म्हणजे पहिला फोन कट झाला. मी दुकानदार आहे, सर्व्हर डाऊनची सवय आहे, परत लावला. पण जे पोरगं बाथरूममध्ये लपून हळू आवाजात फोन लावतंय ते दुसऱ्यांदा लावीलच असं नाही. आणि तिसरं सगळ्यात मोठं. तक्रार शेवटी फिरून त्याच कॉलेजकडं येते, चौकशी तेच करणार, रिपोर्ट तेच लिहिणार. हेल्पलाइन वरून धक्का देते, पण पाठपुरावा तुम्हीच करायचा. आम्ही सही केली असती तर रेकॉर्डला लागलं असतं की तक्रार मिटली. धोका त्याच क्षणी असंल, म्हणजे मारहाण चालू आहे असं काही, तर आधी ११२ लावा, हेल्पलाइन नंतर.

चार स्टार कशासाठी तर ही लाइन नसती तर आम्ही त्या केबिनमध्ये एकटे होतो. आणि ही लाइन कशी आली ते वाचल्यापासून मला तो नंबर नुसता नंबर वाटत नाही. २००९ च्या मार्चमध्ये हिमाचलमधल्या टांडा मेडिकल कॉलेजमध्ये अमन कचरू नावाचं १९ वर्षांचं पोरगं, एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचं, दारू प्यालेल्या सीनियरच्या मारहाणीनंतर गेलं. चौघांना पुढं चार वर्षांची शिक्षा झाली. त्याचे वडील राजेंद्र कचरू घरी बसले नाहीत, सुप्रीम कोर्टात हा विषय आधीपासून चालू होताच, रॅगिंग रोखण्यासाठी नेमलेल्या राघवन कमिटीच्या शिफारशी होत्या, त्या सगळ्यातनं त्याच वर्षी यूजीसीचा नियम आला आणि ही हेल्पलाइन सुरू झाली, आणि ती उभी करण्यात ह्या बापाचे कष्ट आहेत. एका बापानं पोरगं गेल्यावर हे केलंय, आपल्याला तर नुसता फोन लावायचाय. आपल्याच महाराष्ट्रात २०१९ च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवीचा जीव गेला, जळगावची आदिवासी घरातली लेक, डॉक्टरकीचं पुढचं शिक्षण घ्यायला गेलेली, आणि तिच्या घरच्यांनी छळाबद्दल आधी सांगितलं होतं. त्या बातमीच्या वेळी माझ्या दुकानात त्यावर दिवसभर चर्चा झाली होती आणि त्याच दिवशी मी न वाचता फॉर्म भरत होतो.

भाच्याच्या मनाचं सांगायचं राहिलं. निकाल लागला म्हणून लगेच झोप लागत नाही. रात्री दोनला जाग यायची, मोबाइल तपासायचा. कमिटीतल्या मॅडमनी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर दिला, १४४१६, सरकारचाच आहे, फुकट, मराठीत बोलतात. तो सुरुवातीला नाही म्हणला, मग एक दिवस आपणहून लावला, मग दोन तीनदा बोलला. काय बोलला मी विचारलं नाही. दिवाळीत आला तेव्हा नजर वर होती आणि ताईनं मला डोळ्यांनी खूण करून दाखवलं.

अजून एक सांगतो, कॉलेज निवडताना प्लेसमेंट विचारता तसं हे पण विचारा, कारण हे सगळं नियमात कॉलेजवर बंधनकारक आहे आणि विचारलं की समोरच्याचा चेहराच सांगतो की तिथं होतं का नाही. पहिल्या वर्षाच्या पोरांना वेगळा ब्लॉक आहे का. वॉर्डन रात्री फोन उचलतात का (आम्ही आता स्वतः रात्री अकराला लावून बघतो). अँटी रॅगिंग स्क्वाड हॉस्टेलवर अचानक चक्कर मारतं का, का नुसती नावं बोर्डावर आहेत. सहा नव्या पोरांमागं एक मेंटर द्यायचा असतो, दिलाय का. आणि पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी पहिल्या वर्षाच्या पोरांकडनं बिननावी सर्व्हे भरून घ्यायचा असतो, हे मला सगळ्यात भारी वाटलं, कारण आमच्या मजल्यावर असा एक जरी कागद फिरला असता तर सहा पोरांनी सहा चिठ्ठ्या लिहिल्या असत्या आणि पहिल्याच महिन्यात कळलं असतं. ते कधी झालंच नव्हतं. शेजारच्या गल्लीतली एक पोरगी दुसऱ्या कॉलेजला आहे, तिच्याकडं पहिल्याच आठवड्यात पालकांना बोलावून सगळ्यांचे नंबर दिले, सीनियर पोरींनीच नव्यांना लायब्ररी, मेस दाखवली, ओळख झाली आणि तिला कुणी इंट्रो विचारला नाही. म्हणजे होतं, करायचं ठरवलं की होतं.

परवा येळवस (वेळ अमावस्या) झाली. भाचा दोन रूम पार्टनरला घेऊन शेतात आला होता, एक हिंगोलीकडचा, एक भूमचा. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, कडब्याच्या खोपीजवळ बसून पोरं पोटभर जेवली. भूमचं पोरगं मला बाजूला घेऊन म्हणालं की मामा, आमच्या गावचा एक जण दुसऱ्या कॉलेजला आहे, त्याचं पण असंच चालू आहे, तो घरी सांगत नाही, कसं करायचं. मी म्हणलं आता लाव त्याला फोन. लावला. आम्ही बांधावर तिघं बसून अर्धा तास त्याच्याशी बोललो, पहिली पंधरा मिनिटं तो मजेतच आहे म्हणत होता.

दुकानात आता फॉर्मची पद्धत बदललीय. अँटी रॅगिंगचा फॉर्म मी पोरगं स्वतः समोर असल्याशिवाय भरत नाही, ईमेल त्याचाच, मोबाइल आईबापाचाच, आणि कलम ३ मराठीत टाइप करून ठेवलंय ते आधी मोठ्यानं वाचून दाखवतो, मग टिक त्याच्या हातानं. गर्दीत लोक कटकट करतात, करू द्या. हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक प्रिंटच्या मागं शिक्का मारून देतो. त्यामुळं येताना पोराला सोबत घेऊन या, नुसती कागदं पाठवू नका, आणि त्याचा ईमेल मोबाइलमध्ये चालू करून आणा, पासवर्डसकट.